गाठ बघायची नाही

बेळ्ळंदूर, १२ जानेवारी

आई,

सलाम. पुढचं ‘प्रभूच्या नावात’ ते तू घाल, तुला ते चांगलं जमतं.

तू म्हणतेस पत्र कशाला, फोनवर बोल की. फोनवर काय बोलू? मी हॅलो म्हटलं की तू स्पीकर लावतेस आणि मागनं प्रार्थनेला जमलेली सगळी सभा ‘हालेलुया योगीराज’ म्हणून ओरडते. मागच्या रविवारी ताप आलाय म्हटलं तर नंदकिशोर पाळकांनी फोनवरनंच माझ्या तापाला दम दिला. ताप गेला नाही. म्हणून कागदावर लिहितोय. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, हसू नकोस. आणि हे सभेत वाचायचं नाही. साक्ष म्हणून तर नाहीच नाही.

देवाप्पा सुटला हे कळलं. त्याला आणायला तू जेलच्या दारात गेलीस हे पण कळलं. तो आपल्या घरात राहतोय हे मात्र तू सांगितलं नाहीस, ते शेजारच्या शिवलीलाकाकूनं सांगितलं. प्रणिताच्या खाटेवर झोपतोय म्हणे. तुला विचारलं तर तू काय म्हणालीस? "मग कुठं झोपवू, जमिनीवर? पाहुणा माणूस आहे."

पाहुणा!

प्रणिता शिवणाच्या क्लासवरनं घरी येत होती. ह्याच्या ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या, गाणी फुल्ल लावलेली, आणि पोटात दारू. मागची ट्रॉली माझ्या बहिणीच्या अंगावरनं गेली आणि ह्याला कळलं पण नाही. तसाच कारखान्यात गेला, उसाचा काटा करून घेतला, चहा प्याला. लोकांनी जाऊन धरला तेव्हा कप हातातच होता. मी तिथं होतो, आई. तो कप मी बघितलाय. आता तो तुझ्या हातचा चहा कुठल्या कपातनं पितो ते मला कळव.

सगळं त्या कृपादानाच्या रविवारापासनं बिघडलं. पाळकांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत्म्यानं कुणाला काय दान दिलंय ते सांगितलं. सकवारबाईला अन्यभाषा, म्हणजे कुणाला न कळणारी बोली, मिळाली. तिचं बोलणं आधीच कुणाला कळत नव्हतं. कुणाला आजारी बरं करायचं मिळालं. तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पाळक रडायलाच लागले. म्हणाले, ह्या बाईला सगळ्यात मोठं दान मिळालंय, अट नसलेली प्रीती. माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, ह्याचं अजून उघडलेलं नाही. मी काय पार्सल होतो?

तुला अट नसलेली प्रीती! कुणी न विचारता परड्यातला कढीपत्ता तोडला तर आठवडाभर त्या घराकडं बघायची नाहीस तू. प्रणिताला जाऊन सहा महिने झालते. त्या रविवारनंतर तू भाकऱ्या बांधून जेलात जायला लागलीस.

आता म्हणतेस, गावात त्याला कोण कामाला घेत नाही, तुझ्याकडं ठेवून घे, तो पण माझा मुलगाच आहे.

पाठव.

खरंच पाठव. मी उंच बिल्डिंगीच्या काचा पुसतो, बाहेरनं, दोराला लटकून. बरोबर माणूस लागतोच. त्याला सांग, योगीनं बोलावलंय. बघू तुझं दान कुठवर पोचतं.

तुझ्या दोन मुलांपैकी जुना,
योगीराज

*

बेळ्ळंदूर, ३ फेब्रुवारी

आई,

तुझा पाहुणा पोचला. मॅजेस्टिकच्या स्टँडवर बसमधनं उतरला तेव्हा मी ओळखलाच नाही. मला तो ट्रॅक्टरएवढा आठवत होता. हा वाळलेला, कान तेवढे मोठे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असून मला अण्णा म्हणतो. मी त्याची पिशवी धरली नाही.

खोलीवर आल्यावर त्यानं दोन डबे काढले. शेंगाची चटणी. सारखे डबे, सारखी सुतळी. "हा तुमचा, हा माझा, अव्वानं दिलाय," म्हणाला. तुला अव्वा म्हणतो. मी दोन्ही डबे दोन हातांत धरून बघितले, वजन पण सारखं. स्वेटर पण तसाच विणलायस, माझ्यासारखा निळा, गळ्याला तीच पांढरी पट्टी. एवढं सारखं करताना तुझा हात कुठंच अडखळला नाही?

कामाचं लिहितो. इकडं बेळ्ळंदूरच्या तळ्याकडेला सगळ्या काचेच्या बिल्डिंगी. दोघांची जोडी असते. एक जण गच्चीवर, एक जण खाली लटकलेला. एक दोर बसायचा, एक जिवाचा, आणि दोन्ही दोरांची गाठ वरचा बांधतो. लटकणाऱ्यानं जायच्या आधी ती गाठ हातानं ओढून बघायची, मग ‘सरी’ म्हणायचं, मगच कठडा ओलांडायचा. सरी म्हटलं म्हणजे माझी खात्री झाली. आमचा सुपरवायझर नागराज ह्या बाबतीत लई कडक. मंगळूरकडचा आहे, आमच्याशी बोलायपुरतं मराठी शिकलाय. पहिल्याच दिवशी देवाप्पाला म्हणाला, "ए नोडप्पा, हे बघ, गाठ बघितल्याशिवाय सरी म्हणायचं नाही. इथं देव बघत नाही, मी बघतो."

मी गाठ बांधली. देवाप्पा सरळ कठड्याकडं निघाला.

"गाठ बघ की," मी म्हटलं.

"बघितली."

"कुठं बघितलीस? तुझी पाठ होती."

तो खाली बघून म्हणाला, "अव्वानं सांगितलंय. योगीनं बांधली की बघायची नाही. हात पण लावायचा नाही. माझ्या लेकावर तेवढा भरवसा ठेव म्हणाली."

आणि सरी म्हणाला आणि गेला.

आई, हे तू काय केलंस? मी दिवसभर गच्चीवर त्या गाठीकडं बघत बसलो. संध्याकाळी माझी मान आखडली. रोज तेच चाललंय. नागराज समोर असला की तो गाठीवर हात ठेवल्यासारखं करतो, नसला की तेवढं पण नाही. तू त्याचा जीव माझ्या मुठीत ठेवलास आणि तिकडं गुडघ्यावर बसलीस. मला विचारलंस का, योगी, तुला हे पाहिजे का? मला काही द्यायचंच होतं तर घरात दुसरं काय नव्हतं?

त्याला परत बोलावून घे. नाहीतर त्याला सांग, गाठ बघत जा.

योगीराज

*

बेळ्ळंदूर, ९ मार्च

आई,

तुझं पत्र मिळालं. बोलावून घेणार नाहीस म्हणतेस. बरं. मग ऐक, तुझ्या पाहुण्याला मी कसा ठेवलाय ते. दुसऱ्या कुणाकडनं तुला कळायच्या आधी मीच कळवतो.

त्याला मी माझ्या ताटात जेवू देत नाही. खोलीत बाकीची पोरं आहेत, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की ह्यानं माझ्या बहिणीला मारलंय. ती त्याच्याशी बोलत नाहीत. बाथरूमला त्याचा नंबर शेवटी. काम असं देतो की पश्चिमेची बाजू दुपारी त्याच्याकडं येते. काच तापली की समोरनं पण ऊन आणि मागनं पण ऊन. मागच्या आठवड्यात नागराज दुसऱ्या साइटला गेला होता. मी देवाप्पाला बाराव्या मजल्यावर थांब म्हटलं आणि वर जेवायला बसलो. सावकाश जेवलो. तुझ्या चटणीचा डबा उघडला. जेवून झाल्यावर आडवा झालो.

आतल्या ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता, हे त्यानंच नंतर सांगितलं. काचेच्या पलीकडं केक कापत होते. हा एवढ्या जवळ लटकलेला, ओठ फुटलेले. एका पोरीनं त्याच्याकडं बघितलं आणि पडदा ओढून घेतला. मी उठून त्याला खाली उतर म्हटलं. तो लिफ्टनं वर आला तेव्हा त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. मी वाट बघत होतो, आता शिवी देईल. एक शिवी दिली असती तर मी त्याला खालीच नेऊन तुडवला असता, आणि बरं वाटलं असतं मला.

तर म्हणाला काय? "अण्णा, वरनं तळं लई मोठं दिसतंय. अव्वाला एकदा दाखवाय पाहिजे."

तू पत्रात लिहिलंयस, "त्याला त्रास दिलास तरी तू माझाच, नाही दिलास तरी माझाच." लई पुण्याचं वाटलं असेल लिहिताना. पाळकांनी सांगितलं काय तसं लिहायला? मी ते वाक्य कामावर नेलं, खिशात ठेवलं, वर दोनदा काढून वाचलं. आई, ह्याचा अर्थ असा की मी काय करतो ह्याच्याशी तुझं काही देणंघेणंच नाही. मी राबलो काय, माणूस मारला काय, माझ्या वाटणीला तेवढंच. आणि ट्रॉलीखाली पोरगी चिरडणाऱ्याला पण तेवढंच. ही प्रीती आहे की चौकातला नळ? कोण पण येतो, घागर लावतो. मला चौकातलं पाणी नको होतं. मला आपल्या माजघरातल्या माठातलं पाहिजे होतं.

प्रणिता तुझ्याशी कशावरनं भांडायची, आठवतंय? तू मला आमटीतल्या वड्या जास्त वाढायचीस. ती म्हणायची, "आई, उघड उघड करतेस तू!" तू म्हणायचीस, "वाढते जा. तो माझा लाडका आहे. काय करतीस?" आणि तिघं पण हसायचो, ती सुद्धा. तेव्हा तुला दान मिळालं नव्हतं. तेव्हा तू माझी आई होतीस.

आता तू सगळ्यांची आहेस. सभेत लोक तुझ्या पाया पडतात म्हणे. पडू देत. माझ्यापुरतं सांगतो, प्रणिता गेली त्या वर्षी माझी दोन माणसं गेली.

ह्याच्यातलं काय वाचायचं असेल सभेत तर वाच.

योगीराज

*

बेळ्ळंदूर, १९ एप्रिल

आई,

हे पत्र एकटी असताना उघड. दार लावून घे.

काल शुभ शुक्रवार, गुड फ्रायडे. ऑफिसं बंद, म्हणून समोरची बाजू धुवायला आम्हाला मिळाली. सुट्टीच्या दिवशी नागराज येत नाही. देवाप्पा आदल्या दिवसापासनं मागं लागला होता, "अण्णा, तिकडं एक मराठी उपासना हाय म्हणे, सकाळी तेवढं जाऊन येऊ?" मी म्हटलं, काम कोण तुझा बाप करणार? तो कामावर आला. गच्चीवर तो आणि मी, दुसरं कुणी नाही. खाली रस्त्यावर पण गाड्या नाहीत. बेळ्ळंदूरला एवढं शांत मी कधी बघितलं नव्हतं.

मी दोर काढले. तो बादलीत साबण कालवत होता. मी विचारलं, "देवाप्पा, आईनं तुला माझ्याकडं का पाठवलं, ठाऊक आहे?"

"सुधारायला, अण्णा."

"सुधारायला इथं? दोरावर?" मी हसलो. "तिकडं घरात खाट होती, सभा होती, पाळक होते. तिथं सुधारला नसतास?"

तो कालवायचा थांबला.

"गाठ बघू नको म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"अव्वानं."

"का सांगितलं असेल? जरा डोकं चालव. जिच्या पोरीला तू मारलंस ती बाई तुला म्हणते, माझ्या पोरानं बांधलेल्या गाठीला हात लावू नको. आणि तुला वाटतं ती प्रीती आहे?"

आई, हे बोलेपर्यंत मला माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे. पण एकदा बोललो आणि ते एवढं बरोबर बसलं. मला स्वतःलाच क्षणभर वाटलं, हेच खरं असणार. मग पुढचं सोपं झालं. म्हटलं, "काल तिचा फोन आलता. म्हणाली, आता बास. उद्या शुक्रवार आहे, उद्याच होऊ दे. गाठ सैल ठेव म्हणाली."

त्याचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही. तुला हवा असेल तर डोळ्यांपुढं आण, तू त्याला रोज बघत होतीस.

मग म्हणाला, "अव्वा स्वतः म्हणाली?"

"स्वतः."

"रडत होती काय?"

"नाही."

"रडत नव्हती ना? मग बरं."

मी वाट बघत होतो. माझं सगळं ठरलेलं होतं, आई. आता हा पळणार. नाहीतर माझ्या अंगावर येणार. नाहीतर निदान, निदान ती गाठ बघणार. आणि मग मी तुला पत्र लिहिणार की बघ, हा तुझा माणूस, चार दिवस भाकरी मिळाली तोवर अव्वा अव्वा करत होता, आणि जिवावर आलं तेव्हा तुला शिव्या देऊन बस पकडली. एवढ्यासाठी मी खोटं बोललो. मारायचा नव्हता मला तो. तुझ्यासमोर उघडा पाडायचा होता.

त्यानं तुझा निळा स्वेटर काढला. घडी घातली. मोबाइल त्याच्यावर ठेवला. "हा अव्वाला परत द्या. धुतलेलाच हाय." मग पट्टा चढवला आणि माझ्याकडं पाठ करून उभा राहिला, मी बांधताना गाठ दिसू नये म्हणून.

मी बांधली. नेहमीसारखी, पक्की. बांधून झाल्यावर परत ओढून बघितली. परत बघितली. तो एक पाऊल मागं आला असता, नुसती मान वळवली असती, तर त्याला दिसलं असतं की काही सैल नाही, मी खोटं बोलतोय. त्याच्या सुटकेचं सगळं तिथं त्याच्या पाठीमागं होतं. त्यानं मान वळवली नाही.

त्यानं बादली घेतली. आई, मरायला निघालेला माणूस साबणाचं पाणी कशाला घेतो? "सरी," म्हणाला आणि कठडा ओलांडून गेला.

मी पालथा पडून वरनं बघत होतो. दोर ताणला, तो थांबला, वाट बघितली बहुतेक. मग काच पुसायला लागला. प्रत्येक काच पुसली. कोपरे पण पुसले, जे आम्ही कुणीच पुसत नाही, कारण खालनं कुणाला दिसत नाहीत. प्रत्येक मजल्यावर तो जरा थांबायचा, अंग सैल सोडायचा, जणू म्हणतोय, आता? आणि परत पुसायला लागायचा. मला वरनं ओरडायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. आवाज आला नाही, आणि खरं सांगू, आणायचा प्रयत्न पण मी जास्त केला नाही.

तो जमिनीला लागला. पट्टा न सोडता तसाच उभा राहिला, वर बघत. मग सामानाच्या लिफ्टनं वर आला. घामानं भिजलेला. माझ्यासमोर येऊन अपराध्यासारखा म्हणाला, "अण्णा, आज जमलं नाही काय तुम्हाला?"

मी दोर गुंडाळायला लागलो.

"असू दे. उद्या बघू," म्हणाला. "अव्वाला तेवढं सांगा, माझ्याकडनं काय कमी पडलं नाही. मी बघितली नाही."

मग त्यानं माझ्यासाठी बाटलीतलं पाणी ओतलं. बाटली त्यानंच धरली, मी ओंजळीनं प्यालो.

आई, पाळकांना सांग, त्यांनी चुकीच्या डोक्यावर हात ठेवला. ते दान तुला नाही मिळालं. तू प्रीती करतेस तेव्हा सगळी सभा बघत असते, आणि तो रडून तुझे पाय धरतो. ह्याला कुणी बघत नव्हतं. ज्या बाईनं त्याला मारायला पाठवलं असं त्याला वाटतं, तिचा स्वेटर तो घडी घालून ठेवतो. अशी प्रीती मला तुझ्यावर करता येत नाही. प्रयत्न केला तरी येणार नाही. माझं उघडणार होतं ते दान त्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याकडं गेलं. घेतलं ते पण त्यानंच.

मी त्याला अजून खरं सांगितलेलं नाही.

आज सकाळी तो माझ्या आधी उठला, चहा केला, आणि कप देताना हळूच विचारलं, "आज?" मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही, होय अशी की नाही अशी. मी बांधली, त्यानं बघितली नाही, सरी म्हणाला. उद्या रविवार, ईस्टर. सोमवारी परत.

तू फोन उचलायच्या आधी सांगतो, उपयोग नाही. काल संध्याकाळीच त्याला बजावून ठेवलंय, फोनवर आई कबूल करणार नाही, मागं सभेचे लोक ऐकत असतात, विचारलंस तर तिला लाज आणशील. तो तुला कधी विचारणार नाही. तू आपणहून नाही म्हणालीस तरी त्याला वाटेल, अव्वा पाळकांसमोर लपवतेय. पत्र लिहिलंस तर त्याला वाचता येत नाही, वाचून मीच दाखवणार. मी तोंडानं सांगितल्याशिवाय तो मरेपर्यंत हेच धरून बसेल की त्याच्या अव्वानं त्याला मारायला पाठवलं. आणि तरी तुझ्यासाठी प्रार्थना करेल. काल करत होता.

मी सांगायला तयार आहे. माझी एक अट आहे.

तू इथं यायचं. पाळक नको, सभा नको, एकटीनं. गच्चीवर यायचं, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि मला म्हणायचं, योगी, तू माझा लाडका आहेस, ह्याच्यापेक्षा तू मला जास्त आहेस. त्याला ऐकू जाईल असं म्हणायचं. देखल्या देवाला दंडवत घातल्यासारखं म्हटलेलं मला चालणार नाही, मला तुझा आवाज कळतो. तुला ते म्हणताना दुखलं पाहिजे आणि त्याला ऐकताना दुखलं पाहिजे. एवढं झालं की त्याच ठिकाणी मी त्याला सांगतो, मी खोटं बोललो, आईनं तसलं काही म्हटलं नव्हतं.

म्हणजे तुझं दान जाईल. मला माहीत आहे. नाही आलीस तर दान राहील, आणि तो रोज सकाळी चहाचा कप देत विचारेल, आज? माझे हात काय लोखंडाचे नाहीत, आई. आता बांधताना थरथरतात.

योगीराज

ता. क. चटणी संपली. पाठवू नकोस. येताना आण. एकच डबा आण.